फसफसलेल्या शेपट्या

“आपापले मोजे काढा आणि एकेक करून माझ्यासमोर धरा,” नाक्या म्हणाला.

तोंडापाशी नेलेला घास त्यानं परत ताटात ठेवला होता. या घरात काहीतरी सडतंय आणि ते सापडेपर्यंत जेवायचं नाही, असं त्यानं जाहीर केलं होतं. नाक्याचं नाक हे साधंसुधं प्रकरण नव्हतं. वर्गात कोणाच्या डब्यात काय आहे हे तो डबा दप्तरात असतानाच सांगायचा, आणि ते शिळं असेल तर लगेच उलटी करून दाखवायचा. म्हणून त्याच्या धाकट्या बहिणीनं मुकाट्यानं मोजे काढले. तिला सगळे चिमटी म्हणत, कारण वादात हरायला लागली की ती बोलणं थांबवून चिमटा काढायची. त्यांची मावसबहीण शंका मात्र विचारत बसली, की मोजेच का, टॉवेल का नाहीत, आणि नाक्याचे स्वतःचे मोजे कोण हुंगणार?

मोजे निर्दोष सुटले. म्हणजे त्यांना वास होता, पण तो वेगळा होता. मग कचऱ्याचा डबा, मोरीची जाळी, फ्रिजमागची फट, मावशीचे गमबूट, सगळ्यांची झडती झाली. एका गमबुटात मेलेली पाल निघाली. ती बघून चिमटीचं उरलंसुरलं जेवणही आटोपलं, पण नाक्यानं मान हलवली. पाल जुनी होती, वाळून कुरकुरीत झालेली. तिला आता कसला वास?

“हा ओला वास आहे,” तो डोळे मिटून म्हणाला. “आंबट. कोमट. एखादं कुत्रं नासलेल्या दुधात लोळलं आणि मग आपल्या अंथरुणात येऊन झोपलं, तसा.”

एवढं वर्णन ऐकल्यावर ताटाकडे बघायची कोणाची हिंमत होणार? शेवटी नाक्या खिडकीपाशी गेला, वाऱ्याकडे तोंड केलं, आणि दोन्ही हातांनी नाक दाबून खालीच बसला. वास घरातला नव्हताच. तो मेंढवाड्यातून येत होता.

ही तिघं सुट्टीला मावशीकडे आली होती. मावशी जनावरांची डॉक्टर. मेंढीपालन केंद्राच्या आवारातच तिचं घर होतं. समोर ऑफिस, मागं गोदाम, पलीकडे तारेच्या उंच जाळीचा मेंढवाडा, आणि त्याच्यापुढे नजर पोचेल तिथवर दगडगोट्यांचा माळ. या माळावर साध्या मेंढ्या टिकत नसत. म्हणून लांबच्या कोरड्या मुलखातून जहाजानं, मग ट्रकनं, एका खास जातीच्या मेंढ्या आणल्या होत्या. उन्हाला न घाबरणाऱ्या, काट्याकुट्यांतून चालणाऱ्या, आणि मागं ही भली थोरली शेपटी. शेपटी कसली, चरबीनं भरलेली गादीच. बऱ्या दिवसांत मेंढी पोटभर खाते, उरलेलं शेपटीत साठवते, आणि चारा आटला की त्या साठ्यावर तग धरते.

यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं. पण केंद्राच्या साहेबांनी माहितीपत्रक उघडलं तेव्हा ते घाईत होते. ‘या मेंढीची शिदोरी तिच्या शेपटीतच असते’ एवढं एक वाक्य वाचून ते खूश झाले आणि पत्रक मिटून टाकलं. शिदोरी सोबत असताना वर आणखी जेवण कशाला? त्यांनी चारा बंद केला. गोदामातल्या गवताच्या पेंढ्यांसमोर समारंभाच्या खुर्च्या छतापर्यंत रचल्या. फाटकावर फलक लागला, ‘स्वतःचा डबा स्वतः आणणारी मेंढी’. आणि एवढं काटक जनावर आजारी कशाला पडेल, असं म्हणून मावशीकडून मेंढवाड्याची किल्ली काढून घेतली. तिला नवीन काम दिलं, खुर्च्यांची व्यवस्था. मावशीनं आधी समजावलं, मग भांडून पाहिलं. प्रत्येक भांडणानंतर तिच्याकडच्या खुर्च्या वाढल्या.

समारंभ परवावर आला होता. मुख्य कार्यालयातून मोठ्या बाई येणार होत्या. त्यांनी मेंढ्या पाहून पसंतीची मान डोलावली, की त्याच दिवशी मेंढ्या माळावरच्या शेतकऱ्यांना वाटायच्या, आणि सोबत सक्त सूचना द्यायची, की चारा घालू नये, सवय बिघडते.

सकाळी तिघं जाळीपाशी पोचली. नाक्यानं नाकाला कपड्यांचा चिमटा लावला होता, त्यामुळे तो बोलला की बादलीत बोलल्यासारखं वाटायचं.

समोरचं दृश्य विचित्र होतं. मेंढ्यांच्या पाठीची हाडं इतकी वर आली होती की त्यावर कपडे वाळत घालता आले असते. बरगड्या दिसत होत्या, डोळे खोल गेले होते. शेपट्या मात्र गुबगुबीत, लोंबणाऱ्या, चालताना थुलथुल हलणाऱ्या. शेपट्यांवर माश्या अशा बसल्या होत्या की पांढरी लोकर काळी वाटावी. माश्या उठल्या की खाली पिवळट, चिकट काहीतरी पाझरताना दिसे, आणि माश्या परत बसत.

एक मेंढी लडखडत जाळीपाशी आली. तिचं तोंड काळं होतं आणि एक कान मुडपलेला. तिनं जाळीतून चिमटीची बोटं चाटली आणि मग चोखायलाच लागली, जणू त्यातून काहीतरी निघेल. चिमटीनं तिथल्या तिथं तिचं नाव ठेवलं, उशी.

शंकाचं म्हणणं, की नाव शेपटीवरून ठेवलं असेल तर मग इथं सगळ्याच उश्या आहेत. चिमटीनं तिला चिमटा काढला आणि तो विषय संपला. पण शंकाच्या डोक्यात दुसराच किडा वळवळत होता.

“एक सांगा,” ती म्हणाली. “शिदोरी खाल्ली की डबा रिकामा होतो ना? मग यांचं पोट खपाटीला आणि डबा मात्र गच्च भरलेला, असं कसं?”

उत्तर मेंढ्यांनीच दाखवलं. एका मेंढीनं पुढचीच्या शेपटीला तोंड लावलं आणि लचका तोडला. लचक्याबरोबर एक लांबच लांब, पांढरी, चिकट तार निघाली. ती तिनं मिटक्या मारत खाल्ली. तिच्या शेपटीला तिसरी लागली होती, तिसरीच्या चौथी. अख्खा कळप गोल फिरत एकमेकींच्या शेपट्या चाटत होता, चावत होता, आणि शेपटी तुटणारी एकही मेंढी साधं ‘बें’ सुद्धा करत नव्हती.

नाक्याच्या नाकावरचा चिमटा तेवढ्यात निसटला. त्यानं कसंबसं ऑफिसच्या पायरीपर्यंत धावून साहेबांच्या लाडक्या कुंडीत सकाळचा चहा परत केला. त्या कुंडीतलं झाड पुढं छान वाढलं म्हणतात, पण ते जाऊ दे.

“पोरांनो, इथं यायचं नसतं,” मागून एक ओशाळा आवाज आला.

तो साहेबांचा मदतनीस होता. केंद्रात त्याला सगळे होयबा म्हणत. या माणसाच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द कोणी कधी ऐकला नव्हता. साहेबांनी दुपारी विचारलं, की रात्र झाली ना, तरी तो दिवा लावायला धावायचा. आत्ता त्याच्या हातात झाकलेली बादली होती, दाभण होतं, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या चिकट्यानं माखलेले होते. एका भुवईवर तो चिकटा वाळून पापुद्रा आला होता. बादलीचं झाकण आपोआप वर उचललं जात होतं, खालून कोणी ढकलत असल्यासारखं. होयबानं कोपरानं ते दाबलं. आतून ‘फस्स’ असा आवाज आला आणि तोच वास असा उसळला की नाक्या दुसऱ्या कुंडीकडे पळाला.

बादली कुठून येते हे शोधायला फार डोकं चालवावं लागलं नाही. पांढऱ्या थेंबांची रांग फाटकाबाहेर पडून थेट बाजारातल्या बेकरीच्या मागच्या दारापर्यंत गेली होती. बेकरीवाला पाव भट्टीत सरकवत होता. तो म्हणाला, केंद्रातला माणूस रोज उरलेलं पीठ घेऊन जातो, खमीर घातलेलं, पावाचं. फलक चिकटवायला लागतं म्हणे. एवढे कसले फलक लावतात तिथं? आणि तुम्ही त्याला सांगा रे, की उन्हात ठेवू नको. खमिराचं पीठ उन्हात राहिलं तर फुगत जातं, झाकण उडवतं, भिंतीला चिकटतं. त्याच्या मेहुण्यानं एकदा असं पीठ गाडीच्या डिकीत विसरलं होतं. ती गाडी शेवटी विकावी लागली, आणि घेणारा अजून शिव्या देतो.

परत आल्यावर त्यांनी होयबाला लोकर कातरायच्या खोलीत गाठलं. जमिनीवर बसून तो जुन्या चादरीच्या पिशव्या शिवत होता. पिशवीवर लोकर चिकटवायची, आत पीठ भरायचं, आणि नाड्यांनी मेंढीच्या खऱ्या शेपटीवर बांधायची. खरी शेपटी आत रिकाम्या मोज्यासारखी लोंबत असायची.

होयबाला वाईट वाटत नव्हतं असं नाही. साहेबांनी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, शेपट्या ठीक आहेत ना? तो म्हणाला होय. तेव्हा त्या होत्याही. पुढं मेंढ्या आपली चरबी संपवत गेल्या, शेपट्या सुकल्या, आणि साहेब रोज तेच विचारत राहिले. आता होयचं नाही कसं करायचं? आधी त्यानं कापूस भरून पाहिला, पण वाऱ्यानं शेपट्या वर उडायला लागल्या. मग वाळू भरली, तर मेंढ्या मागच्या मागं बसल्या. पीठ मात्र अगदी चरबीसारखं थुलथुल हलतं, हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जरासा अभिमानही दिसला. साहेब मेंढवाड्यात कधी येत नसत, त्यांना वास सहन होत नसे. ते ऑफिसच्या खिडकीतून दुर्बिणीनं बघत, आणि शेपट्या फुगताना बघून त्यांची खात्रीच पटली होती, की ही मेंढी हवेवर वाढते.

“काका, हे तुम्ही मोठ्या बाईंसमोर सांगाल?” शंकानं विचारलं.

“होय.”

“आणि साहेब म्हणाले, हे सगळं खोटं आहे, तर?”

“होय म्हणेन.”

“अहो, म्हणजे तुम्ही खरं बोलणार की खोटं?”

“होय,” होयबा केविलवाणा होऊन म्हणाला.

तिघं बाहेर आली. हा साक्षीदार काही कामाचा नव्हता. जो विचारेल त्याच्या बाजूनं तो साक्ष देणार.

मावशीला सगळं सांगितलं तेव्हा ती खुर्च्यांना कापडाची फुलं बांधत होती. तिनं हातातलं फूल चुरगाळलं आणि म्हणाली की वास तिलाही येत होता, पण उपाशी जनावराच्या घाणीचाच असेल, असं ती धरून चालली होती. स्वतः जाळीपाशी जाऊन बघायला हवं होतं. मग ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. मुलं दाराबाहेर कान लावून उभी राहिली. साहेबांनी तिला दुर्बीण दिली, शेपट्या दाखवल्या, होयबाला बोलावून विचारलं, की या वाढल्यात ना? होय साहेब. डॉक्टरबाईंना जरा विश्रांतीची गरज आहे ना? होय साहेब. मावशी बाहेर आली ती मंडपाचे पडदेही गळ्यात घेऊन.

घरी येऊन तिनं दार लावलं आणि कधी नव्हे ते खाली बसली. तिचा आवाज एकदम हळू झाला होता.

“शेपट्या सोडा. मला भीती त्या पिठाची आहे. उपाशी पोटी कच्चं पीठ गेलं की ते आत जाऊनही फुगतं. मेंढीचं पोट ढोलासारखं होतं, श्वास कोंडतो. आणि उद्या वाटणी झाली, की एकेक मेंढी एकेका माळावर जाणार. मी कुणाकुणाच्या मागं धावू?”

उशी सगळ्यांत जास्त चाटत होती, हे चिमटीनंच पाहिलं होतं. ती उठून गोदामाच्या झरोक्यापाशी गेली, आणि खुर्च्यांच्या फटीतून हात घालून गवताच्या काड्या ओढत बसली. मूठभर निघाल्या. हात सगळा ओरबाडला. तेवढ्या काड्या तिनं जाळीतून उशीला भरवल्या.

योजना शंकाची होती आणि ती अगदी सोपी होती. साहेब माणसांचं ऐकत नाहीत तर शेपट्यांना बोलू द्यायचं. पीठ उन्हात फुगतं. समारंभ भर उन्हात. म्हणजे फक्त एकच करायचं, साहेबांचं भाषण लांबवायचं.

दुसऱ्या दिवशी मंडपात शेतकरी जमले. मोठ्या बाई आल्या. त्या उंच होत्या, कमी बोलणाऱ्या, आणि कपड्यांना मस्त इस्त्री. त्यांची फुलाफुलांची खुर्ची मावशीनं मेंढ्यांच्या अगदी जवळ, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवली होती. खुर्च्यांचं काम तिच्याकडं दिलंच होतं, मग ती कुठं ठेवायची हे तीच ठरवणार. खुर्चीच्या कापडाखाली तिची औषधांची पिशवीही लपली होती. मेंढवाड्याचं दार उघडून कळप मंडपासमोर उन्हात उभा केला. मोठ्या बाईंनी खुर्चीवर बसल्याबसल्या रुमाल काढला आणि तो नाकावरून परत खाली आणला नाही.

साहेबांनी भाषण सुरू केलं. ते संपत आलं तशी शंकानं हात वर केला आणि विचारलं, की साहेब, तुम्हाला ही कल्पना सुचली तेव्हा तुम्ही कुठं बसला होतात? साहेबांच्या आयुष्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ते आनंदानं ओथंबले. ते खुर्चीत बसले होते, पण खुर्ची खिडकीत होती, आणि खिडकीबाहेर काय होतं हे सांगायचं तर लहानपणापासून सुरुवात करावी लागेल. केली. ती संपते तोवर शंकाचा हात परत वर. लहानपणी तुम्ही हुशारच होतात का? शेतकरी जांभया देत होते, ऊन तापत होतं. आणि नाक्या खांबाला धरून, हिरवा पडत, वास मोजत होता. वास वाढला की त्यानं बोट वर करायचं ठरलं होतं. एक बोट झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला त्याचे डोळे वर गेले.

शेपट्या फुगत होत्या. टाके ताणले जात होते. पिशव्यांच्या शिवणीतून पांढरे बुडबुडे येत, फुटत, आणि त्यात अडकलेल्या माश्या पाय झाडत. मग पहिल्या मेंढीची शेपटी ‘फस्स’ करून बसली आणि कोमट पिठाचा एक लोळा साहेबांच्या बुटावर पडला. साहेबांनी न थांबता सांगितलं, की जास्तीची चरबी ही मेंढी अशी बाहेर टाकते, निसर्गाची किमया. आणि होयबाकडे पाहिलं. होयबानं मान डोलावली. पुढच्या रांगेतले दोन शेतकरी तरी त्यावर विश्वास ठेवून बसले.

आणखी थोडा वेळ, शंका मनात म्हणत होती. आणखी एक प्रश्न. सगळ्या एकदम फुटू देत.

पण चिमटी शेपट्यांकडे बघतच नव्हती. उशी खाली बसली होती. मग आडवी झाली. तिची डावी कूस फुग्यासारखी वर आली होती, जीभ बाहेर लोंबत होती, आणि तोंडाशी हिरवा पांढरा फेस जमला होता. चिमटीनं शंकाचा हात ओढला. शंकानं इशारा केला, की थांब, अजून जरा वेळ. चिमटीनं तिला आयुष्यातला सगळ्यांत जोरात चिमटा काढला आणि कळपात उडी घेतली.

तिनं उशीच्या शेपटीच्या नाड्या दातांनी तोडल्या. त्या कशा लागल्या असतील याचा विचार आपण न केलेला बरा. मग ती फसफसणारी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून ती मंडपात धावली आणि मोठ्या बाईंच्या समोर ठेवली. पिशवीनं नेमका तोच क्षण निवडला. टाके तटातट उसवले. पीठ बाईंच्या इस्त्रीवर गेलं, माईकवर गेलं, साहेबांच्या उघड्या तोंडात तर पाहुण्यासारखं आत गेलं. मागं मेंढ्यांमध्येही एकामागून एक फस्स, फच्च, फस्स सुरू झालं. पुढची रांग उठली, घसरली आणि मागच्या रांगेच्या मांडीवर बसली. एक म्हातारा शेतकरी मिशीतून बुडबुडे काढत म्हणाला, की हा पाव आहे. नक्की पाव. मीठ कमी आहे.

“मावशी, उशी!” चिमटी ओरडली.

मावशी खुर्च्यांवरून उड्या मारत आली. खुर्चीखालची औषधांची पिशवी तिनं ओढून घेतली, मोठ्या बाईंना म्हणाली, “जरा उठता का,” आणि उत्तराची वाट न बघता उशीचे पुढचे दोन पाय त्या फुलाफुलांच्या खुर्चीवर ठेवले. पुढचं अंग वर राहिलं तर आतला वायू बाहेर यायला सोपं जातं. नाक्याला तिनं उशीचं तोंड धरायला सांगितलं. नाक्यानं धरलं. फेस त्याच्या मनगटावरून बाहीत गेला. त्यानं एकदा आवंढा गिळला, पण हात सोडला नाही. मावशीनं नळी आत सरकवली, तेलाची बाटली उपडी केली, आणि कूस चोळायला लागली. चिमटी दुसऱ्या बाजूनं चोळत होती आणि रडत होती, दोन्ही एकाच वेगानं.

इकडे साहेबांनी तोंडातलं पीठ बाहेर काढलं आणि होयबाकडे वळले. ही पोरं थापा मारतायत, शेपट्या खऱ्या आहेत, होय की नाही?

होयबानं उशीकडे पाहिलं. त्याचे ओठ होयच्या आकारात आले आणि तिथंच अडकले. “होय साहेब,” तो घामाघूम होऊन म्हणाला, “नाही.”

मोठ्या बाईंनी भुवईवरचं पीठ पुसलं आणि साहेबांना विचारलं, की इतके दिवस या मेंढ्यांना खायला काय घातलं? साहेबांनी मान ताठ केली. काहीच नाही. घालायचंच नसतं. शिदोरी असते त्यांच्या शेपटीत, तसं लिहिलंय छापील.

शंका दंडावरचा चिमटा चोळत पुढं आली. या वेळी तिला भाषण लांबवायचं नव्हतं.

“साहेब, तुम्ही ऑफिसला डबा आणता ना?”

“आणतो. मग?”

“तो कोण भरतं?”

“आमच्या घरून येतो भरून. रोज सकाळी. का?”

“यांचा कोण भरणार होतं?”

मंडपात फक्त कुठंतरी एक शेवटची शेपटी फसफसत होती. साहेबांनी तोंड उघडलं. दातांमध्ये पिठाची तार ताणली गेली. त्यांना डबा आवडायचा, पण तो रिकामाही होतो, हे बहुतेक त्यांच्या लक्षात प्रथमच येत होतं.

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली आणि मावशीच्या एप्रनच्या खिशात टाकली. वाटणी रद्द. मेंढ्या आधी चरतील, शेपट्या भरतील, आणि त्यानंतर त्या कोणत्या माळावर जायच्या ते डॉक्टर ठरवतील. आणि आत्ता लगेच सगळ्या मेंढ्यांच्या शेपट्या कोमट पाण्यानं धुवायच्या. होयबा म्हणाला होय. बाई म्हणाल्या, तुम्ही पाणी आणा, धुणार तुमचे साहेब. दुर्बिणीशिवाय.

मग गोदामाकडे धावाधाव झाली. शेतकऱ्यांनी तिथं उरलेल्या खुर्च्या एकमेकांच्या हातांवरून बाहेर काढल्या, पार भिरकावल्याच म्हणा ना. पेंढ्या सुटल्या. मावशी ओरडून सांगत होती, की थोडं थोडं घाला, एकदम पोटभर नको. कोरड्या गवताचा वास पसरला. साहेब गुडघ्यांवर बसून पहिली शेपटी धूत होते. वाळलेलं पीठ लोकरीतून निघत नव्हतं, नखांनी खरवडावं लागत होतं, आणि मेंढीलाही नेमकं तेव्हाच लेंड्या टाकायचं सुचलं.

उशी मात्र तशीच होती. पुढचे पाय खुर्चीवर, डोळे अर्धवट मिटलेले. मावशी तिच्या कुशीला कान लावून बसली होती. तिघंही तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

मोठ्या बाई त्यांच्यापाशी आल्या आणि उशीच्या तोंडाशेजारीच उकिडव्या बसल्या. त्यांनी रुमाल खाली घेतला. त्या म्हणाल्या, की मी इतकी केंद्रं पाहिली, इतके अहवाल ऐकले, पण नाकानं तपास करणारा, प्रश्नांनी पकडणारी आणि सगळ्यांना सोडून आधी जनावराकडे धावणारी अशी मुलं मी कधी पाहिली नाहीत. तुमच्यामुळं या सगळ्या मेंढ्यांना चारा मिळाला, आणि मी अगदी मनापासून सांगते, की...

उशीनं तोंड उघडलं आणि ढेकर दिली.

ती साधी ढेकर नव्हती. लांब, खोल, गडगडत वर आलेली, थेट मोठ्या बाईंच्या तोंडावर. त्यात आंबलेलं पीठ होतं, तेल होतं, आणि आणखी काय काय होतं ते सांगण्यासारखं नाही. बाईंचे केस मागं उडाले. डोळ्यांतून पाणी आलं. दुसरी ढेकर आली, मग तिसरी. उशीची कूस हळूहळू खाली बसायला लागली.

मावशीनं कान उचलला. तिचा गाल फेसानं बरबटला होता आणि ती हसत होती.

“वाचली,” ती म्हणाली.